डान्झिग, गंगा आणि आमच्या गावची बारव

आमच्या गावाबाहेर, जुन्या बाजाररस्त्याला लागून एक बारव आहे. काळ्या घडीव दगडाची, तीन बाजूंनी पायऱ्या, भिंतीत दोन कोनाडे आणि उजव्या हाताला, पाण्याच्या पातळीजवळ, चार ओळींचा शिलालेख. ती अहिल्याबाई होळकरांनी बांधली, हे गावातल्या कोणत्याही पोराला झोपेतून उठवून विचारले तरी ते सांगेल. काही वर्षांपूर्वी मराठी विकिपीडियावरच्या गावाच्या पानात मी हे एवढेच एक वाक्य घातले. दुसऱ्या दिवशी पाहतो तर ते नव्हते. पानाच्या इतिहासात नोंद होती : ‘संदर्भ नाही, काढले.’ काढणाऱ्याने खातेही उघडलेले नव्हते. नावाच्या जागी नुसता अंकपत्ता.

मी वाक्य परत घातले. त्याने परत काढले. मी पुन्हा घातले आणि सारांशाच्या चौकटीत लिहिले, ‘मी याच गावचा आहे.’ संध्याकाळपर्यंत ते पुन्हा निघाले होते. तेव्हा मला खरोखर संताप आला. आपल्या अंगणात येऊन कुणी आपल्यालाच पत्ता विचारावा, तसा तो प्रसंग वाटला.

हा संताप विकिपीडियावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी अनुभवलेला आहे. १५ जानेवारी २००१ रोजी हा ज्ञानकोश इंग्रजीत सुरू झाला, १ मे २००३ रोजी मराठीत. पहिल्या दिवसापासून त्याच्यापुढे एक प्रश्न आहे, जो आधीच्या ज्ञानकोशांपुढे अशा रूपात कधी आलाच नाही. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले तेव्हा मतभेद झालेच असतील, पण शेवटचा शब्द केतकरांचा होता. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली आला, त्यातही नोंदीवर अखेरची मोहोर संपादक मंडळाची होती. विकिपीडियात मुख्य संपादक नाही. पगार नाही, पद नाही, एकमेकांचे तोंडही पाहिलेले नाही. मग दोघांचे पटले नाही तर शेवटचा शब्द कुणाचा?

उत्तराची सुरुवात यंत्रात आहे. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रामरने १९९५ साली पहिले विकी संकेतस्थळ उभे केले. होनोलुलू विमानतळावरच्या बसला तिथे ‘विकी विकी’ म्हणत, हवाई भाषेत त्याचा अर्थ ‘झटपट’. त्यावरून हे नाव. कुणीही यावे, पान उघडावे, बदलावे. पुढे विकिपीडियाने प्रत्येक बदल जपून ठेवण्याची शिस्त घातली. पानाच्या माथ्यावर ‘इतिहास पहा’ असा दुवा असतो. त्यावर टिचकी मारली की पहिल्या अक्षरापासून आजपर्यंत कुणी, कोणत्या मिनिटाला काय घातले आणि काय काढले, हे ओळीने दिसते. जुनी आवृत्ती परत आणायला एक टिचकी पुरते. नासधूस करणाऱ्याला नासायला जितका वेळ लागतो, त्याहून कमी वेळात दुसरा ती निस्तरतो. म्हणून तर सगळ्यांना उघडे असलेले हे घर इतकी वर्षे टिकले.

पण हीच सोय भांडणाला इंधन पुरवते. परत आणणे इतके सोपे असल्यावर बोलायचे कशाला? मी घालतो, तू काढ. इंग्रजी विकिपीडियावर अशा ओढाताणीला ‘संपादन-युद्ध’ असे नावच पडले, आणि २००४ च्या अखेरीस तिथल्या लोकांनी तीन उलटवण्यांचा नियम केला : एका पानावर २४ तासांत एका माणसाने तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचे संपादन उलटवायचे नाही. चौथ्यांदा उलटवले तर प्रचालक, म्हणजे असे जादा अधिकार असलेला सदस्य, त्याला काही काळ संपादनापासून रोखू शकतो. उघड नासधूस परतवण्याला ही मर्यादा नाही. या नियमाची खरी किंमत मला फार उशिरा कळली. कोण बरोबर, हे तो विचारतच नाही. ज्याच्याजवळ सत्य आहे त्यालाही तो चौथ्यांदा थांबवतो. आणि थांबल्यावर दोघांना जायला एकच जागा उरते, ती म्हणजे लेखाला जोडलेले चर्चा पान.

आता जरा दूर जाऊ, बाल्टिक समुद्राच्या काठी.

तिथे एक बंदर आहे. पोलिश लोक त्याला ग्दान्स्क म्हणतात, जर्मन लोक डान्झिग. १३०८ साली ट्यूटॉनिक सरदारांच्या धर्मसंघाने ते घेतले. पुढे पंधराव्या शतकात ते पोलंडच्या राजाच्या छत्राखाली आले, पण गावात बोली बहुतांश जर्मन राहिली. १७९३ मध्ये प्रशियाने ते गिळले. पहिल्या महायुद्धानंतर ते ‘मुक्त नगर’ झाले. १ सप्टेंबर १९३९ ला दुसऱ्या महायुद्धाचे पहिले गोळे त्याच्याच वेशीवर, वेस्टरप्लाटेच्या ठाण्यावर पडले. १९४५ नंतर जर्मन रहिवासी हाकलले गेले आणि गाव पोलंडचे झाले. तिथल्या गोदीतून १९८० साली कामगार नेते लेख वालेंसा आणि त्यांची ‘सॉलिडॅरिटी’ ही संघटना उभी राहिली.

असे गाव ज्ञानकोशात कोणत्या नावाने लिहायचे? प्रश्न एका पानाचा नव्हता. तापमापकावर ज्याचे नाव आहे तो फॅरनहाइट १६८६ मध्ये तिथे जन्मला. खगोलशास्त्रज्ञ हेवेलियस तिथला, तत्त्वज्ञ शोपेनहॉवर तिथला, कादंबरीकार ग्युंटर ग्रास तिथला. प्रत्येकाच्या चरित्रात ‘जन्मस्थळ’ या एका शब्दावर रोज लढाई. सकाळी ग्दान्स्क, दुपारी डान्झिग, रात्री पुन्हा ग्दान्स्क. बाहेरून पाहणाऱ्याला हे पोरकट वाटेल, पण ज्याच्या आजीला त्या गावातून एक पेटी घेऊन निघावे लागले त्याला त्या नावात काय दिसत असेल, आणि ज्याच्या आजोबांनी १९३९ च्या सप्टेंबरात ते गोळे ऐकले त्याला काय दिसत असेल, याचा विचार केला की हसू येत नाही. बेळगाव की बेळगावी, हे लिहिताना आपली लेखणी अडखळते ती उगाच नाही.

२००५ च्या सुरुवातीला इंग्रजी विकिपीडियाच्या लोकांनी या वादावर मतदान घेतले. मतदानापेक्षा मला त्याआधी केलेले काम मोलाचे वाटते. ‘गावाचे खरे नाव कोणते?’ हा प्रश्न त्यांनी सोडून दिला. त्याऐवजी गावाचा इतिहास कालखंडांत कापला आणि प्रत्येक तुकड्यासाठी स्वतंत्र विचारले : या काळाबद्दल इंग्रजीत लिहिताना कोणते नाव वापरायचे? निकाल असा लागला. १३०८ च्या आधी ग्दान्स्क, १३०८ ते १९४५ डान्झिग, त्यानंतर पुन्हा ग्दान्स्क. चरित्रांसाठी आणखी एक बारीक तडजोड : माणूस स्पष्टपणे जर्मन असेल तर पहिल्या उल्लेखात डान्झिग आणि कंसात ग्दान्स्क, स्पष्टपणे पोलिश असेल तर उलट. म्हणजे दुसऱ्याचे नाव निदान एकदा तरी प्रत्येकाच्या डोळ्यांखालून जाणार.

त्यावर सगळे खूश झाले नाहीत. राजा पोलिश असलेल्या काळातही डान्झिग का, अशी तक्रार राहिली आणि तिच्यात तथ्य आहे. पण रोजची लढाई थांबवायला एक जागा मिळाली. नवा माणूस येऊन नाव बदलू लागला की त्याला हाताला धरून त्या निकालाकडे नेता येऊ लागले.

मात्र हात वर करून मोजणे ही विकिपीडियाची रीत नाही, आणि ते योग्यच आहे. गंगेचे उदाहरण घ्या. इंग्रजी विकिपीडियावर नदीच्या पानाचे शीर्षक इंग्रजीत रूढ असलेले ‘गॅंजेस’ आहे. ते बदलून ‘गंगा’ करावे, असे प्रस्ताव भारतीय संपादकांनी पुन्हा पुन्हा आणले. डोकी मोजायची तर भारतीयांची संख्या काय कमी पडली असती? पण प्रश्न वेगळा होता : जगभरच्या इंग्रजी लिखाणात, नकाशांत, शास्त्रीय निबंधांत या नदीला जास्त करून काय म्हणतात? उत्तर आले ते शीर्षक राहिले, आणि ‘गंगा’ पहिल्याच ओळीत आले. माझ्या मनाला ‘गंगा’च जवळची आहे, इंग्रजीतही तेच असावे असे मला आजही वाटते. पण ते व्हायचे तर आधी इंग्रजी पुस्तकांत आणि नकाशांत व्हायला हवे. ज्ञानकोशाने त्यांच्या मागून चालायचे असते. ज्या दिवशी तो पुढे चालू लागेल त्या दिवशी गर्दी ज्याच्यामागे मोठी त्याची नदी होईल.

याला विकिपीडियावर ‘सहमती’ म्हणतात. एकमत आणि सहमती यांत फरक आहे, आणि पंगतीला बसणाऱ्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. सगळ्यांना तोच पदार्थ आवडत नाही. पण जे वाढले आहे ते सगळ्यांना खाता येते, आणि ज्याला पथ्य आहे त्याच्या पानात ते जबरदस्तीने पडत नाही.

सहमती चर्चा पानावर झाली नाही तर पुढच्या पायऱ्या आहेत. वाद दोघांचाच असेल तर तिसऱ्याचे मत मागवता येते. मोठा असेल तर सगळ्यांना हाक देता येते. इंग्रजीत ही हाक साधारण महिनाभर उघडी राहते आणि मग वादात नसलेला कुणी अनुभवी सदस्य सगळे वाचून, मतांची संख्या न मोजता मुद्द्यांचे वजन पाहून निष्कर्ष लिहितो. मराठीत यासाठी ‘चावडी’ आहे. हा शब्द ज्याने निवडला त्याने फार चांगले काम केले. आपण कुठे आलो आहोत आणि इथे कसे बोलायचे, हे त्या एका शब्दात नव्या माणसाला कळते.

सगळ्यात वर, इंग्रजी विकिपीडियावर, लवाद समिती आहे. विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्स यांनी २००३ च्या शेवटी ती नेमली. आता तिचे सदस्य निवडून येतात. तिच्याविषयी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. ही समिती माणसांच्या वागण्याचा निवाडा करते. कोण शिवीगाळ करतो, कोण खोट्या खात्यांची फौज उभी करतो, कोण वर्षानुवर्षे एकच ओळ घुसवत राहतो, ते ती पाहते आणि बंदी घालते. पण लेखात काय असावे, कोणाची बाजू खरी, हे ती ठरवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सत्याचा निकाल द्यायला नकार द्यावा, तसे हे आहे. सुरुवातीला मला ही पळवाट वाटली. आता वाटते, पंधरा-वीस निवडलेल्या माणसांच्या हाती इतिहास, धर्म आणि विज्ञान यांतले खरेखोटे देणे यापेक्षा धोक्याचे काही नसते.

जेरुसलेमच्या लेखात हे नीट दिसले. ते इस्राएलची राजधानी आहे, असे पहिल्या परिच्छेदात लिहायचे की नाही, यावर कित्येक वर्षे रक्त आटले. लवाद समितीने वाक्य लिहून दिले नाही. तिने समाजाला शिस्तीत चर्चा करून निर्णय घ्यायला लावले आणि तो निर्णय तीन वर्षे बंधनकारक राहील असे ठरवून टाकले. २०१३ साली ती चर्चा झाली. जे वाक्य उतरले त्याचा आशय असा : इस्राएली आणि पॅलेस्टिनी दोघेही या शहरावर राजधानी म्हणून हक्क सांगतात; इस्राएलची मुख्य शासकीय कार्यालये तिथे आहेत; पॅलेस्टाइन पुढे ते आपले सत्ताकेंद्र व्हावे अशी अपेक्षा धरतो; आणि दोघांच्याही दाव्याला जगात व्यापक मान्यता नाही. पुन्हा वाचून पाहा. यात कोणीही जिंकलेले नाही, पण यातला प्रत्येक तुकडा दोन्ही बाजूंच्या माणसाला नाकारता न येणारा आहे. अशी वाक्ये प्रतिभेने सुचत नाहीत, शेकडो माणसांनी घासून घासून ती गुळगुळीत झालेली असतात.

तटस्थता म्हणजे मधोमध उभे राहणे, हा गैरसमज मात्र इथे काढायला हवा. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, ही कथा आपल्याकडे प्रिय आहे. तिच्यावर चित्रपटही निघाला. ज्या ग्रंथाशी हा दावा जोडला जातो त्या ‘वैमानिक शास्त्रा’तली विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये काढला. मग तळपद्यांच्या लेखात ‘काही म्हणतात उडाले, काही म्हणतात नाही उडाले’ असे लिहून हात झटकायचे का? नाही. पुराव्याचे जितके वजन तितकी जागा. दावा सांगायचा, तो कोण करते ते सांगायचे, तपासणाऱ्यांना काय आढळले ते सांगायचे. तळपदे हा धडपड्या माणूस होता, त्याच्याविषयीचा आदर यात कुठेही कमी होत नाही.

भांडणे नेहमी अशा मोठ्या गोष्टींवरच होतात असे नाही. ‘स्टार ट्रेक’ मालिकेतल्या २०१३ सालच्या चित्रपटाच्या नावात ‘इन्टू’ या शब्दाचे पहिले अक्षर मोठे की लहान, यावर इंग्रजी विकिपीडियाच्या चर्चा पानावर ४०,००० हून अधिक शब्द खर्ची पडले. जगाने त्याची चेष्टा केली. मला ती करवत नाही. ‘इन्टू डार्कनेस’ हे उपशीर्षक मानले तर अक्षर मोठे. सगळे नाव मिळून एक वाक्यांश मानला तर लहान. एका अक्षरात व्याकरणाचा खरा प्रश्न दडलेला होता, आणि अनोळखी माणसे त्यासाठी रात्री जागत होती. अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ यांवर पिढ्यान्‌पिढ्या वाद घातलेल्या मराठी माणसाने तरी याला हसू नये. अखेर मोठे अक्षर ठरले. वाद संपला आणि ती सगळी पाने जपून ठेवली गेली.

ही सगळी व्यवस्था एका गोष्टीवर उभी आहे : तिसरा माणूस असला पाहिजे. इंग्रजीत तो लगेच सापडतो. लहान भाषांत सापडत नाही, आणि तिथे काय होते हे क्रोएशियन विकिपीडियाने दाखवले. काही मोजक्या प्रचालकांनी दहाएक वर्षे तो ताब्यात ठेवला, दुसऱ्या महायुद्धातल्या फॅसिस्ट राजवटीचे गुन्हे सौम्य करून लिहिले, विरोध करणाऱ्यांना बंदी घातली. २०१३ मध्ये त्या देशाच्या शिक्षणमंत्र्यांना विद्यार्थ्यांना सांगावे लागले की हा विकिपीडिया वापरू नका. मुख्य प्रचालकावर कारवाई व्हायला २०२० उजाडले. नियम तिथेही हेच होते. ते लावायला पुरेशी माणसे नव्हती. मराठीत नियमाने लिहिणारे हात किती थोडे आहेत हे जो जाणतो, त्याला ही गोष्ट वाचून झोप लागू नये.

माझ्या वाट्याला तो अंकपत्त्यामागचा माणूस आला, हे माझे भाग्य. तिसऱ्यांदा वाक्य काढल्यावर त्याने चर्चा पानावर दोन ओळी लिहिल्या होत्या. ‘नमस्कार. आपण गावचे आहात म्हणूनच विचारतो. हे कुठे छापलेले आहे का?’ माझ्या रागाला उत्तर नव्हते, पण या प्रश्नाला द्यावे लागणार होते. मी बारवेवर गेलो, पायऱ्या उतरलो, शिलालेखावर ओले फडके फिरवून छायाचित्र काढले आणि चढवले. वर ‘श्री’ स्पष्ट आहे. दुसऱ्या ओळीत ‘शके १६’ एवढे लागते, पुढचे दोन अंक झिजलेले आहेत. मी लिहिले, हा पाहा पुरावा.

त्याचे उत्तर आले : ‘आपले वाचन बरोबर असेलही. पण ते आपले वाचन आहे.’ विकिपीडियात स्वतःचे नवे संशोधन मांडायचे नसते. आधी ते जाणकारांपुढे छापून यावे लागते. आणि मग त्याने हिशेब मांडला. अहिल्याबाईंच्या हाती कारभार आला १७६७ मध्ये, म्हणजे शके १६८९. झिजलेले अंक ८९ ते ९९ असतील तर गाव म्हणते ते शक्य आहे. त्याहून कमी असतील तर बारव त्यांच्या आधीची आहे. मी ते दोन अंक बोटाने चाचपले होते. मला पहिल्या अंकात वळण जाणवले होते, पण वळण आठालाही असते, नऊलाही आणि सहालाही.

जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये गावाबद्दल अर्धा परिच्छेद निघाला. त्यात जुन्या दगडी बारवेचा उल्लेख आहे, बांधणाऱ्याचा नाही. लेखात आज तेवढेच वाक्य आहे, गॅझेटिअरच्या संदर्भासह. अहिल्याबाईंचे नाव चर्चा पानावर आहे, माझ्या छायाचित्रासह आणि त्या हिशेबासह. गावात मी हे सांगितले तेव्हा चुलते दोन दिवस बोलले नाहीत.

गेल्या पावसाळ्यानंतर चर्चा पानावर एक नवी नोंद दिसली. शिलालेखांचा अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थिनीने लिहिले आहे की छायाचित्रात चौथी ओळ दिसत नाही, बांधणाऱ्याचे नाव बहुधा त्याच ओळीत असेल, तिचा ठसा मिळाला तर ती वाचून एखाद्या नियतकालिकात प्रसिद्ध करायची तिची इच्छा आहे. चौथी ओळ पाण्याखाली असते. वैशाखात पाणी दोन पायऱ्या खाली जाते. मी तिला तारीख कळवली आहे, आणि चुलत्यांनी पायऱ्यांवरचे शेवाळ काढून ठेवायचे कबूल केले आहे.